आबांना करंट लागत नाही

मला विजेची भीती वाटते. बायका हसत हसत सांगतात ना, अगं मला पालीची फार भीती वाटते बाई, तशी नाही. ओल्या हाताने बटण दाबायची वेळ आली की मी आधी हात तीन-तीनदा पुसते, आणि बटण दाबून झालं की पुन्हा पुसते. सासरी यावरून माझी भरपूर टिंगल झाली आहे. करंज्याच्या कोळ्यांची पोर, खवळलेल्या समुद्रात होडीवर उभी राहते आणि घरात गिझरला घाबरते! हसा म्हणावं. त्यांनी माझ्या काकांना पाहिलेलं नाही.

करंज्याला आमच्या घरामागे बर्फ फोडायचं यंत्र होतं. होडी निघायच्या आधी बर्फाच्या लाद्या त्यात घालायच्या आणि चुरा पाट्यांत भरायचा. खाली कायम पाणी, त्यात मासळीचं पाणी, आणि सगळे अनवाणी. मी शाळकरी होते. एका सकाळी आमच्या खलाशाने यंत्राला हात लावला आणि तो तसाच उभा राहिला. हलेना, बोलेना. तोंड उघडं, पण आवाज नाही. काका जवळच होते. त्यांनी धावत जाऊन त्याला कवेत घेतलं आणि ओढलं, मग तेही तसेच उभे राहिले. कोणीतरी पडवीतला खटका खाली ओढला तेव्हा दोघं एकदमच पडले. खलाशी वाचला. काका गेले. मी दारातून बघत होते आणि पुढे जायला माझं पाऊल उचललेलं होतं. आईने मागून धरलं म्हणून आज हे लिहिते आहे.

लग्न होऊन पनवेलला आले. सासरची माणसं मिठागरवाली. मिठागर सरकारात गेलं, त्याच्या बदल्यात त्याच जागेवर आखलेला प्लॉट मिळाला, आणि काही वर्षांनी त्या प्लॉटवर आम्ही दोन मजली घर बांधायला काढलं. घराचे मालक माझे सासरे, आबा. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. अंगाने काटक, आवाज खणखणीत आणि पायात कधी चप्पल नाही. लग्नात नाही, बाजारात नाही, मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर नाही. मिठाच्या पाण्यात उभं राहून राहून त्यांच्या तळपायांची कातडी अशी झाली होती की फरशीवरून चालले तर टकटक आवाज यायचा. त्यांना त्या पायांचा अभिमान होता. आलागेला पाहुणा दिसला की पाय वर करून दाखवायचे.

घर बांधताना टाइल्सवरून भांडणं झाली, देवघराच्या तोंडावरून झाली, जिन्याच्या रेलिंगवरून तर नवरा आणि आबा आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. लाइटच्या बोर्डात मात्र कोणालाच रस नव्हता. बोर्ड म्हणजे काय, दारामागे लपवायची पेटी! मी म्हटलं, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, बोर्ड मी निवडणार. सगळे हसले आणि हो म्हणाले.

नवरा, मी आणि आमचा वायरमन असे तिघं पनवेलच्या बाजारात दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर स्विचेस मांडले. एक उचलून म्हणाला, "हा एमसीबी. वायरवर लोड जास्त झाला, शॉर्ट झाला, तर खटका खाली पडतो आणि लाइट बंद. हा घराची वायर वाचवतो." मी विचारलं, माणसाला शॉक बसला तर पडेल का? तो म्हणाला, "नाही ताई. माणूस मरायला जेवढा करंट लागतो ना, तेवढ्याची याला खबरसुद्धा लागत नाही." मग त्याने दुसरा काढला, रुंद, त्यावर एक छोटं बटण. "हा आरसीसीबी. गेलेला करंट पुरता परत आला नाही, कुठेतरी बाहेर गळतोय, एवढं कळलं की पापणी लवायच्या आत सगळं बंद. हा माणूस वाचवतो."

"हाच द्या," मी म्हटलं. मला बाकी काही ऐकायचंच नव्हतं.

वायरमनने तोंड वाकडं केलं. "वहिनी, आपल्याकडे हा चालत नाही. खाडीची हवा, पावसात भिंती ओल्या. रोज पडणार. मी बसवून देतो आणि चार महिन्यांनी तीच माणसं मला काढायला बोलावतात." नवऱ्याला गणपती दिसायला लागले. घर पाहुण्यांनी भरलंय, आरती चालू आहे आणि लाइट गेली! त्याने तिथूनच आबांना फोन लावला. आबांचा आवाज सगळ्या दुकानाने ऐकला. "अर्थिंग चांगली तर सगलं चांगलं. आपल्या घराखाली मिठागर हाय! लोकं खड्डा करून मीठ टाकतान, आपल्याला मीठ टाकायची पन गरज नाय. तो हजाराचा डबा कशाला पायजे?"

खरं म्हणजे हे ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की दुकानदारानेही मान हलवली. गळलेला करंट जमिनीत उतरावा म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात हे सगळ्यांना माहीत असतं. ज्यांच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या मीठच पिकलं, त्यांना कसली चिंता? मी वाद घातला, आवाज चढवला, दुकानातली माणसं बघायला लागली. शेवटी पेटी आली ती मोठी, पांढरी, काचेच्या दाराची, एमसीबींची रांगच्या रांग असलेली. आरसीसीबीच्या जागेवर प्लास्टिकची पट्टी लावून भोक बुजवलं. "पुढे कधी वाटलं तर बसवू," नवरा म्हणाला. वायरमनने मागच्या अंगणात एक पाइप ठोकला, हिरवी वायर जोडली, आणि आबांनी त्या पाइपला नारळ फोडला. मी आत जाऊन रडले. रागाने रडले, भीतीने रडले, दोन्ही.

राहायला गेल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. मग थंडीत एका सकाळी माझी मुलगी, तेव्हा बालवाडीत होती, बाथरूममधून ओरडली, "मम्मी, नळ चावतो!"

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. जाऊन तिला उचलून बाहेर काढलं, आणि बोटाची मागची बाजू नळाला लावली. झिणझिण्या आल्या. मुंग्या कोपरापर्यंत गेल्या. मी इतक्या जोराने किंचाळले की आबा अंगणातून आत आले. ओल्या लादीवर तसेच अनवाणी उभे राहिले, सगळा नळ मुठीत धरला, दोनदा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठं काय? मना काय लागत नाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात करंट तपासायची हीच पद्धत होती. फ्रिजचं दार झिणझिणलं, पाण्याच्या मोटरवर संशय आला, मिक्सरने झटका दिला, की हाक जायची, आबा, जरा बघा. आबा यायचे, हात लावायचे. त्यांना लागलं नाही म्हणजे करंट नाही. जुन्या गावात शेजारीपाजारीही त्यांना बोलावून न्यायचे. कोणाला वेगळं वाटलं तर तो त्याचा भास. माझ्या सासूबाई तर छातीवर हात ठेवून सांगायच्या, "यांनी धरला ना? मंग संपलं."

मी वायरमनला बोलावलं. त्याने नळाला टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा मंद पेटला. तो म्हणाला, "थोडं रिटर्न येतंय, करंट उलटा नळात. ते सगळीकडेच असतं." आबा शेजारीच नळ धरून उभे होते. त्यांच्याकडे बघून त्याने टेस्टर खिशात ठेवला. आता ज्येष्ठ माणूस समोर उघड्या हाताने नळ धरून उभा आहे, त्याला खोटं कोण पाडणार?

मग मी माझे नियम केले. बाथरूममध्ये लाकडी पाट. पायात रबरी चपला, मुलीच्याही. आणि तिला आंघोळ घालायच्या आधी गिझर नुसता बंद करायचा नाही, सगळ्या घराचा मेन खाली ओढायचा. पंखे बंद, टीव्ही बंद, वर नवऱ्याचं कॉम्प्युटरचं काम बंद. घरात रोज कटकट. सासूबाई म्हणायच्या, "गो, मी टीवी लावला का तुजी आंघोल कशी निंगते?" नवरा म्हणायचा, तुला डॉक्टरला दाखवू या का. मला माझीच शंका यायला लागली होती. सगळ्या घरात एकटीलाच लागतं म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी आहे, असं मी स्वतःला समजवायचे. मग आठवायचं, एकटीला नाही. पोरीलाही लागतं.

हे किती काळ चाललं असतं कोण जाणे. थंडी सरत आली तेव्हा वरच्या मजल्यावर कपाटाचं काम चालू होतं, सगळीकडे भुसा आणि स्क्रू. एका संध्याकाळी पांढऱ्या लादीवर मला रक्ताचे ठिपके दिसले. दारापासून सोफ्यापर्यंत. ठिपक्यांच्या शेवटी आबा बसले होते, चहा पीत. मी म्हटलं, आबा, पाय बघू. त्यांच्या टाचेत स्क्रू होता. अर्धवट नाही, डोक्यापर्यंत आत गेलेला. तसेच ते बाजारात जाऊन, भाजी घेऊन, चालत परत आले होते.

सासूबाईंनी पक्कड आणली. मी मोबाइलची बॅटरी धरली. त्यांनी स्क्रू पकडून खेचला, तो फिरवत फिरवत काढावा लागला. आणि आबा चहा पीत होते. मधेच म्हणाले, आज साखर कमी पडली गो.

मी बॅटरी पायावरून उचलून त्यांच्या तोंडावर धरली. मला एकदम कळलं, आणि ते कळल्यावर जी भीती वाटली तशी नळाला हात लावूनही वाटली नव्हती. या माणसाला लोखंड आत शिरलेलं कळत नाही. या जाड, मेलेल्या कातडीतून करंट खाली उतरतच नसणार, आणि उतरला तरी यांना सांगणार कोण? आणि आम्ही एवढी वर्षं यांच्या हातावर विसंबून सगळं घर चालवलं. माझी पोर अंघोळीला पाठवली.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं बोलले. गोड शब्दांत नाही बोलले. आबा, तुम्हाला लागत नाही म्हणजे करंट नाही असं नाही, तुम्हाला काहीच लागत नाही, असं तोंडावर म्हणाले. आबांनी ताटावरून हात मागे घेतला. "मंग मी काय मेलेला हाय काय?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. नवऱ्याने मात्र तो स्क्रू खिशातून काढून बघितला, परत ठेवला, आणि म्हणाला, "उद्या आबांना डॉक्टरकडे नेतो. आणि तुझा तो स्विच बसव."

डॉक्टरांनी सांगितलं, शुगर वाढली आहे, पायांची संवेदना कमी झाली आहे. जखम बरी झाली की रोज कोमट पाण्यात पाय धुवा, मलम लावा, चप्पल घाला. सासूबाईंनी ते अंमलात आणलं, वर स्वतःच्या मनाने पाण्यात मूठभर मीठ घालायला लागल्या. रोज सकाळी आबा बाथरूममध्ये स्टुलावर बसायचे, पाय टबात, आणि माझी मुलगी शेजारी बसून त्यांच्या पायावर पाणी ओतायची. जुनी कातडी सोलून निघायला लागली. आबा कुरकुरायचे. लादी गार लागते म्हणायचे. खडा टोचला म्हणायचे. एकदा चप्पल मागितली तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आणि आरसीसीबी बसला. बसवला आणि पडला. वर केला, पडला. वायरमन माझ्याकडे बघून म्हणाला, "मी काय म्हटलं होतं वहिनी?" गिझर बंद ठेवला की तो राहायचा. गिझर लावला की टक, घर अंधारात. बाकी आम्ही सगळे उन्हाळ्यात गारच पाण्याने आंघोळ करायचो, पण आबांच्या पायांना कोमट पाणी हवं. मी म्हणत होते की अहो, तो स्विच वेडा नाही, तो ओरडून सांगतोय, गिझरमध्ये काहीतरी आहे. गॅसवर पाणी तापवा. पण घागर उचलून बाथरूममध्ये कोण नेणार यावरून पुन्हा कटकट.

एक दिवस मी कामावरून आले तर आरसीसीबी वर आणि गिझरचा दिवाही चालू. नवरा हसत म्हणाला, "झालं दुरुस्त. कनेक्शन सैल होतं." मी आरसीसीबीचं ते छोटं बटण दाबून बघितलं. टक करून पडला. वर केला, वर राहिला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी नवऱ्याला मिठी मारली. पाट उचलून माळ्यावर टाकला.

काहीही दुरुस्त झालेलं नव्हतं. वायरमनने गिझरची वायर त्या स्विचमधून काढून त्याच्या आधीच, थेट मेनवर जोडली होती. म्हणजे बाकी घर सुरक्षित, आणि बाथरूम उघडं. नवऱ्याला माहीत होतं, आबांना माहीत होतं. तिला सांगू नका, उगाच घाबरेल, असं दोघांनी ठरवलं होतं. मी मात्र त्या दिवसांत निर्धास्त झोपत होते. आता तेच आठवून घाबरायला होतं.

तो रविवार होता. मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. नवरा वरच्या मजल्यावर, सासूबाई हॉलमध्ये. बाथरूममधून मुलीचं हसणं ऐकू येत होतं. मग टब उलटल्याचा आवाज आला, आणि मुलगी म्हणाली, "आबा? आबा, बोला ना."

मी दारात पोचले. आबा उभे होते. सोलून मऊ झालेले पाय टबाबाहेर, मिठाच्या पाण्याने ओल्या लादीवर, आणि उजव्या मुठीत नळ. तोंड उघडं. आवाज नाही. ते तोंड मी ओळखलं. आणि माझी पोर त्यांचा हात सोडवायला दोन्ही हात पुढे करून निघाली होती.

मी तिचा फ्रॉक मागून धरला आणि तिला उचलून पॅसेजमध्ये भिरकावलं. ती भिंतीवर आपटली, भोकाड पसरलं. मी आबांकडे पाठ केली आणि पळाले. मेन स्विच हॉलच्या टोकाला, पुढच्या दारामागे. समोरून सासूबाई धावत येत होत्या. "अगो त्यांना धर! त्यांना टाकून पलतेस कुठं? धर त्यांना!" त्या माझ्या बाजूने निसटून बाथरूमकडे जायला बघत होत्या. मी माझ्या सासूला दोन्ही हातांनी ढकललं. जोरात ढकललं. त्या सोफ्यावर पडल्या आणि मला शिव्या देत राहिल्या. मागे पोर रडतेय, समोर ते पांढरं दार, आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं की मी मरणाऱ्या माणसापासून लांब पळते आहे. सगळं शरीर ओरडत होतं, मागे फिर, हात धर, ओढ. काकांनी केलं तेच कर.

पेटीचं दार उघडलं. माझा आरसीसीबी वर होता. पडलाच नव्हता. आत मरण चालू आहे आणि हा वरच! मी मेन खाली ओढला.

बाथरूममध्ये धप्प आवाज झाला.

आबा जिवंत होते. तळहात भाजला होता, ओठ निळे, पण श्वास चालू होता. नवरा धावत खाली आला, गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या छातीला वायरी लावल्या तेव्हा मला बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, वाचले, एक रात्र ठेवतो. मी नवऱ्याला विचारलं, तो स्विच का नाही पडला? त्याने सगळं सांगितलं. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कॉरिडॉरमधल्या नर्सने येऊन आवाज कमी करा म्हणून सांगितलं, तरी मी बोलतच होते. तुझी मुलगी दोन हात पुढे करून निघाली होती, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. तो तिथेच बाकावर बसून रडला. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही आली.

आबा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वायरमन आला, मान खाली घालून. जुना गिझर काढला, नवा बसवला, वायर आरसीसीबीतून घेतली. मग मी म्हटलं, आता अर्थिंग उकर. मागच्या अंगणात त्याने पाइपाभोवती खणायला घेतलं. आबा शेजारी खुर्चीवर बसले होते, हाताला पट्टी, पायात चपला. वर मुरूम निघाला, खाली दगड, त्याखाली आणखी दगड. सगळं कोरडं, भुसभुशीत. पाइप संपला तरी चिखलाचा पत्ता नाही. पाइपाचं टोक दगडांच्या फटीत नुसतं अधांतरी होतं.

"अजून खन," आबा म्हणाले. "खाली मिठागर हाय."

"आबा, हा सगळा भराव," वायरमन म्हणाला. "डोंगर फोडून आणून टाकलाय. मिठागर कुठल्या कुठे गेलं." आबा उठून खड्ड्याच्या काठाशी आले, वाकून आत बघितलं. मग घरात जाऊन बसले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. पुढे बोअर मारायचं यंत्र आणून खोल ओल लागेपर्यंत खाली जावं लागलं, आणि मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग झाली.

सगळं झालं. वायरमनने नळाला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. गिझर चालू करून लावला, तरी पेटला नाही. पण माझी मुलगी त्या रविवारपासून बाथरूममध्ये गेली नव्हती, मागच्या अंगणात बालदीत आंघोळ करत होती. आज तिला आत न्यायची होती. आम्ही सगळे बाथरूमच्या दाराशी उभे. कोणीतरी आधी हात लावून बघायला हवा होता. टेस्टर काय, मागे तो पेटला तेव्हाही कोणी त्याचं ऐकलं नव्हतं. नवरा पुढे झाला, मी त्याचा शर्ट धरला. मग मीच जाते म्हटलं, आणि माझा पाय उंबऱ्यावरून उचलेना. खरंच उचलेना.

"सरा," आबा म्हणाले.

त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. आत जाऊन मगभर पाणी लादीवर ओतलं आणि त्या पाण्यात पाय ठेवून उभे राहिले. गार लागलं तसे त्यांनी पाय आखडले. सासूबाई म्हणाल्या, "अवो, तुमी नको." मीही म्हटलं, आबा, नको.

"आता मना लागतं," ते म्हणाले. "आता मीच बगनार."

मी पळत जाऊन मेनवर हात ठेवला. तिथून पॅसेजमधून मला त्यांचा हात दिसत होता. पट्टी नसलेला डावा हात. इतकी वर्षं आबा सरळ मूठच घालायचे. त्यांनी आधी बोटांची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. पुन्हा लावली. मग मूठ वळली. डोळे गच्च मिटलेले.

"काय नाय," आबा म्हणाले. पण त्यांचा त्यांनाच भरवसा नव्हता, म्हणून पुन्हा पाणी ओतलं आणि पुन्हा धरला. मग स्टूल ओढून बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरीला आन."

सासूबाईंनी तिला आंघोळ घातली. मी मेनवरचा हात काढला नाही, आणि तिचं अंग पुसून ती बाहेर येईपर्यंत आबांनी नळावरची मूठ सोडली नाही.